उभ्या दगडांतील माणूस

पांढुर्ण्यात दगड म्हटला की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची जाम नदीवरील गोटमार आठवते. येथे सांगावयाचे आहे ते फेकण्याच्या नव्हे, तर उभ्या केलेल्या दगडांविषयी.

दक्षिण फ्रान्समध्ये सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी लोकांनी मनुष्याकृती कोरून शिळा उभ्या केल्या. त्यांतील एक रोदेझच्या संग्रहालयात आहे. तिला डोळे, नाक, गालांवर रेघा, गळ्यात हार, हात, कमरपट्टा, पाय सगळे आहे; तोंड मात्र नाही! तामिळनाडूत मोत्तूर येथील शिलावर्तुळातही माणसाच्या आकाराची शिळा आहे. तीवर नाक-डोळे काहीच नाहीत.

आपल्या सर्वांत जवळचे मोठे ठिकाण म्हणजे काटोल-नागपूर रस्त्यालगतचे जुनापाणी. तेथे सुमारे ३०० शिलावर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांवर लेख लिहिला. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. वर्तुळांखाली लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, घोड्यांचे लगाम, काळी-तांबडी मडकी निघाली. हा काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाचा. दगडांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरले आहेत. चेहरा कोठेही नाही.

शाळेच्या सहलीत एका मुलीने विचारले, “सर, मग यात माणूस कुठे आहे?” मला चटकन उत्तर सुचेना. मग आमचे कबरस्तान आठवले. तेथे उशाशी साधा दगड उभा असतो, त्यावर चित्र नसते. तरी तो कोणाचा, हे घरच्यांना ठाऊक असते. जुनापाणीच्या दगडांना ओळखणारे घरचे कोणी उरले नाही, एवढेच.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. ज्या शिळेवर लढणारा वीर, सूर्य, चंद्र दिसतात तो वीरगळ होय. तो पुष्कळ अलीकडचा, ऐतिहासिक काळातला. कोरकू बांधव मृतांसाठी सागवानी फळीवर घोडेस्वार कोरून ‘मुंडा’ रोवतात. ती तर चालत आलेली रीत आहे. तेव्हा आकृती दिसली की “हजारो वर्षांपूर्वीची” म्हणण्याची घाई नको.

उलट, बिनचेहऱ्याच्या दगडांकडेच अधिक लक्ष हवे. वर्तुळातला दगड जागचा हलला की वर्तुळ संपले. नुसता दगड जपून उपयोग नाही. म्हणून सौंसर-पांढुर्ण्याकडील शेतात मोठे दगड गोलाकार रोवलेले दिसल्यास यंत्र लावण्यापूर्वी छायाचित्र काढावे व पुरातत्त्व विभागास कळवावे. एका ओळखीच्या शेतकऱ्याने मला असाच गोल दाखविला होता. पुढच्या वर्षी टेप घेऊन गेलो, तर त्याचे दगड बांधात बसले होते.