परगावची हार

मंडळी, समजा प्रकाशा येथील शाळेचा कबड्डी संघ रविवारी परगावी गेला आणि हरून परतला. पारावर लगेच कुणीतरी म्हणणार, "पोरांनी गावाचं नाव घालवलं!" पण जरा थांबा. घरचा संघ अधिक वेळा जिंकतो, हे जगभर दिसून आले आहे. ते का बरे?

पहिले कारण जमीन. आपली मुले अनवाणी, मातीवर खेळतात. तिथे पाय थोडा घसरतो. मॅटवर बूट घातलेला पाय जागीच थबकतो आणि वळण्याचा अंदाज चुकतो. त्यात चढाईला वेळ अवघा 30 सेकंद! दुसरे कारण प्रेक्षक. त्यांच्या गलक्याचा पंचांवरही नकळत परिणाम होतो. 2020 साली करोनामुळे युरोपात फुटबॉलचे सामने रिकाम्या मैदानांत झाले, तेव्हा घरच्या संघाचा फायदा घटला. तिसरे कारण प्रवासाचा शीण.

हार थोरांनाही चुकत नाही. 1990 ते 2014 या काळात भारताच्या पुरुष संघाने आशियाई स्पर्धांत कबड्डीची सात सुवर्णपदके मिळवली. 2018 साली जाकार्ता येथे इराणने त्यांना उपांत्य फेरीत 27-18 असे हरवले. 2023 साली हांगझोऊ येथे त्याच इराणला 33-29 असे नमवून त्यांनी सुवर्ण परत आणले.

तेव्हा गुरुजी, सोमवारी रागे भरू नका. पकड कुठे सुटली, गुण कोणत्या चढाईत गेले, हे मुलांनाच फळ्यावर मांडू द्या. पुढच्या वेळी थोडे लवकर पोहोचून त्या मैदानावर पाय बसू द्या. आणि गावकरी हो, हरून आलेल्या पोरांना आधी जेवू घाला. हिशेब मग!