सतरंजीचे पैसे गेले कुठे?

जुन्या वळणाचे मास्तर किंवा बाई म्हटले की विनोदी मालिकांना आयते गिऱ्हाईक सापडते. नाकावर घसरलेला चष्मा, करडा आवाज, आणि पाठीमागे पोरांची खीखी! पण अमेरिकेत ७ डिसेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या 'अ‍ॅबट एलिमेंटरी' या मालिकेने ही चाल मोडली. तीत जुन्या वळणाच्या बाई आहेत, त्यांच्या फजितीचे हसूही येते. परंतु खरा टोला बसतो तो शाळेला उपाशी ठेवणाऱ्यांना.

फिलाडेल्फिया शहरातली ही एक सरकारी प्राथमिक शाळा. मुले बहुतेक कृष्णवर्णीय, गरीब वस्तीतली. जणू माहितीपट काढणारे लोक कॅमेरा घेऊन शाळेत शिरले आहेत, अशी मालिकेची मांडणी. त्यामुळे काही विपरीत घडले की शिक्षक मुकाट्याने कॅमेऱ्याकडे पाहतात, आणि त्या नुसत्या नजरेतच सगळे कळते.

पहिल्याच भागातली गोष्ट घ्या. जनीन या तरुण शिक्षिकेला वर्गासाठी नवी सतरंजी हवी असते. जुनी खराब झालेली. मुले तीवरच बसतात, तीवरच विसावतात. मागणी साधी. शाळेला थोडे पैसे मिळतातही. पण मुख्याध्यापिका अ‍ॅव्हाबाई त्या पैशांतून काय आणतात? शाळेबाहेर लावायला नवी पाटी, आणि तिच्यावर स्वतःचीच छबी! या बाई त्या खुर्चीवर आल्या कशा? वरिष्ठ अधिकाऱ्याची भानगड त्यांच्या हाती लागली, म्हणून. शेवटी सतरंज्या येतात त्या सरकारी खात्यातून नव्हे, तर एका शिक्षिकेच्या मैदानावर काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून. प्रेक्षक पोट धरून हसतो, आणि मग विचारात पडतो.

या शाळेचा कणा म्हणजे बार्बरा हॉवर्ड. बालवर्गाच्या शिक्षिका, अनेक वर्षे शिकवलेल्या. कपडे नीटनेटके, बोलणे मोजके, देवाधर्माच्या. शाळेत संगणकावरचा नवा वाचन-कार्यक्रम येतो, तेव्हा बाईंना तो जमत नाही. तरुण जनीनपुढे 'येत नाही' म्हणायचे कसे? म्हणून त्या निकालच खोटे भरतात, आणि पुढे त्यांना ते कबूल करावे लागते. मालिका त्यांना देव्हाऱ्यात बसवत नाही, हे विशेष.

दुसऱ्या एका भागातला पेच त्याहून खोल आहे. शिक्षक वर्गासाठी हव्या असलेल्या वस्तूंची यादी इंटरनेटवर टाकून लोकांकडे मदत मागतात. बार्बराबाईंच्या नकळत त्यांच्यासाठीही तशी फीत केली जाते. वस्तूंचा ढीग येतो, पण बाई नाराज! त्यांचे म्हणणे असे, की आपल्याजवळ जे आहे ते पुरेसे आहे, हे मुलांना वाटले पाहिजे. काय नाही याचीच मोजणी त्यांच्यापुढे मांडू नये. जनीनचेही खरेच आहे, वस्तू हव्यातच. एकीला मुलांची गरज दिसते, दुसरीला त्यांचा स्वाभिमान. गरिबाघरच्या आईबापांना हा पेच समजावून सांगायला नको.

पण मुळात हा पेच शिक्षकांच्या माथी का? अमेरिकेत शाळांचा मोठा खर्च स्थानिक घरपट्टीवर चालतो. जिथे घरे महाग तिथे शाळेची तिजोरी भरलेली, जिथे वस्ती गरीब तिथे शाळाही गरीब. फिलाडेल्फियात २०१३ साली वीसहून अधिक सरकारी शाळांना टाळे लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याच्या न्यायालयाने निकाल दिला, की शाळांना पैसे देण्याची राज्याची ही पद्धत राज्यघटनेशी विसंगत आहे. मालिकेतली सतरंजी अशा लढ्यात विणलेली आहे.

लेखिका आणि जनीनची भूमिका करणारी क्विंटा ब्रन्सन फिलाडेल्फियाचीच लेक. तिची आई बालवर्गाची शिक्षिका होती, आणि मालिकेतल्या शाळेला तिने आपल्या सहावीच्या शिक्षिकेचे, जॉइस अ‍ॅबट यांचे, नाव दिले. बार्बराबाई साकारणाऱ्या शेरिल ली राल्फ यांना २०२२ साली विनोदी मालिकेतील सहायक अभिनेत्रीचा एमी पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या दुसऱ्याच कृष्णवर्णीय स्त्री; पहिल्या जॅकी हॅरी यांना तो १९८७ मध्ये मिळाला होता. मध्ये पस्तीस वर्षे गेली! व्यासपीठावर येताच त्यांनी भाषणाआधी गाणे म्हटले, तेव्हा सभागृह उभे राहिले.

विनोद दोन प्रकारचा असतो. एक दुबळ्याला टपली मारतो, दुसरा खुर्चीवर बसलेल्याला चिमटा काढतो. फळ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंना हसणे सोपे आहे. सतरंजीचे पैसे पाटीवर कोणी उडवले, हे विचारायला धाडस लागते. तेव्हा वाचकहो, मुलाबाळांसोबत दूरचित्रवाणीपुढे बसाल तेव्हा एवढे जरूर पाहा, की आपल्याला हसवताहेत ते कुणाला. लेकरांनाही ते विचारा. त्यांचे उत्तर ऐकून घ्या.