नोकरी मिळाली, परवान्याचे काय?

परदेशातील रुग्णालयाचे नेमणूकपत्र आले की घरात पेढे वाटले जातात. पण त्या पत्राने मिळते ती फक्त नोकरी. रुग्णाला इंजेक्शन देण्याचा, औषध दिल्याची नोंद स्वतःच्या सहीने करण्याचा अधिकार त्या देशातली परिचर्येची नियामक संस्था देते. तिच्या नोंदवहीत नाव चढेपर्यंत, इथे दहा वर्षे अतिदक्षता विभाग सांभाळलेल्या सिस्टरलाही तिथे मदतनीस म्हणूनच काम करावे लागते.

यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही. महाराष्ट्राच्या परिचर्या परिषदेत नोंद असलेल्या परिचारिकेला दुसऱ्या राज्यात काम करायचे तर तिथल्या परिषदेकडेही नोंदणी करावी लागतेच. परदेशात हाच नियम अधिक कसोशीने पाळला जातो, इतकेच.

ब्रिटनचे उदाहरण घेऊ. तिथली नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल चार गोष्टी पाहते: शिक्षण आणि मूळ देशातील नोंदणी, इंग्रजी, ज्ञान आणि प्रत्यक्ष कौशल्य. बीएस्सी नर्सिंगप्रमाणे जीएनएम झालेल्यांनाही अर्ज करता येतो. भाषेसाठी आयईएलटीएसच्या अ‍ॅकॅडमिक परीक्षेत वाचन, श्रवण आणि संभाषणात किमान ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. त्याऐवजी ओईटी ही आरोग्यसेवेतील लोकांसाठीची परीक्षाही चालते. तिच्यात केसपेपरच्या टिपणांवरून रुग्णाविषयी पत्र लिहायचे असते. वॉर्डात रोज इंग्रजी नोंदी करणाऱ्या अनेकींना ती जवळची वाटते.

ज्ञानाची परीक्षा संगणकावर होते आणि ती भारतातच देता येते. तिचे दोन भाग आहेत. एक औषधांच्या गणिताचा, दुसरा परिचर्येचा. गणित शाळकरी असते, पण चूक महागात पडते. समजा, एक लिटर सलाइन आठ तासांत द्यायचे आहे. पंप असेल तर तासाला १२५ मिलिलिटर. पंप नसेल आणि सेटमधून एका मिलिलिटरला २० थेंब पडत असतील, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब. इथे अनुभवी डोळा थेंब पाहूनच वेग ठरवतो, परीक्षेत मात्र आकडा मांडून दाखवावा लागतो. ‘मायक्रोग्रॅम’ हा शब्द तिथे पूर्ण लिहावा असा दंडक आहे. घाईत लिहिलेले संक्षिप्त रूप कुणी मिलिग्रॅम असे वाचले, तर मात्रा हजारपट होते.

शेवटची पायरी म्हणजे ‘ऑस्की’ ही प्रात्यक्षिक परीक्षा. ती ब्रिटनमध्ये जाऊनच द्यावी लागते. तिचे दहा टप्पे असतात. काही ठिकाणी रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती, काही ठिकाणी पुतळा. रुग्णाची तपासणी करणे, काळजीची योजना लिहिणे, औषध देणे, दुसऱ्या विभागाकडे रुग्ण सोपवणे हे सारे परीक्षकासमोर करायचे. औषध देण्याआधी नाव आणि जन्मतारीख विचारून मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिली का, अ‍ॅलर्जी विचारली का, रुग्णाची संमती घेतली का, हे पाहिले जाते. हात सफाईने चालतो म्हणून ही विचारपूस गाळता येत नाही.

हा काटेकोरपणा कशासाठी, हे समजण्यासाठी तिथली एक पद्धत पाहू. ब्रिटनमधील रुग्णालयांत ‘न्यूज टू’ नावाचा तक्ता वापरतात. श्वासाचा वेग, रक्तातील ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप यांना, तसेच बाहेरून ऑक्सिजन सुरू असल्यास त्यालाही गुण देतात. समजा, एका रुग्णाचे श्वास मिनिटाला २२, ऑक्सिजन ९४ टक्के, वरचा रक्तदाब १०५, नाडी ११२ आणि ताप ३८.४ अंश सेल्सिअस आहे. तो शुद्धीवर आहे, बोलतो आहे, बाहेरून ऑक्सिजन लावलेला नाही. यातला एकही आकडा एकटा पाहिला तर घाबरवणारा नाही. पण गुण होतात अनुक्रमे २, १, १, २ आणि १. बेरीज ७. आणि सातला तातडीने तज्ज्ञांचे पथक बोलवायचे असते. त्या वेळी डॉक्टरांच्या राउंडची वाट पाहायची नसते. हाक मारण्याची जबाबदारी परिचारिकेची. आपल्याकडच्या बहुतेक वॉर्डांत निर्णयाचा शब्द डॉक्टरांचा असतो. त्यामुळे अनेकींना तिथे नवी कौशल्ये शिकण्यापेक्षा हा अधिकार अंगवळणी पाडून घेणे अवघड जाते.

अमेरिकेत परवाना राज्यागणिक मिळतो, पण ‘एनक्लेक्स’ ही परीक्षा सगळीकडे एकच. संगणक प्रत्येक उत्तरानंतर उमेदवाराची पातळी नव्याने आजमावतो आणि त्यानुसार पुढचा प्रश्न निवडतो. प्रश्न कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५०. उमेदवार पात्रतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची संगणकाला ९५ टक्के खात्री पटली की परीक्षा थांबते. त्यामुळे पेपर लवकर संपला म्हणून हुरळायचे नाही आणि लांबला म्हणून खचायचेही नाही. औषधांची नावेही नव्याने पाठ करावी लागतात. आपले पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन, अ‍ॅड्रेनलिन तिथे एपिनेफ्रिन.

जर्मनीत अडसर भाषेचा. साधारणपणे बी-टू पातळीची जर्मन लागते. आपल्या अभ्यासक्रमात काही उणे आढळले तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा. रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे हेही तिथे प्रशिक्षित परिचारिकेचेच काम मानतात. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केल्याने आपल्याकडे या वाटेची चर्चा वाढली आहे. आखातात परीक्षेबरोबर ‘डेटाफ्लो’ची पडताळणी होते. प्रत्येक प्रमाणपत्र ते देणाऱ्या संस्थेकडूनच थेट तपासून घेतले जाते.

या पडताळणीत मराठी मुलींचा अर्ज अडकतो तो नावावरून. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, पासपोर्टवर पतीचे नाव आणि सासरचे आडनाव, परिषदेच्या नोंदीत यातले एक. परक्या कारकुनाला या दोन वेगळ्या स्त्रिया वाटतात. लग्नाचा दाखला आणि राजपत्रातील नावबदल आधीच हाताशी ठेवावा. अनुभवाचे पत्र नोकरी सोडताना लगेच घ्यावे. छोटे रुग्णालय बंद पडले की पडताळणीच्या पत्राला उत्तर द्यायला कुणी उरत नाही.

सगळ्यात मोठा धोका पैशांचा. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी हवी, आणि त्याला सेवाशुल्क घेता येते ते ३० हजार रुपयांपर्यंत, अधिक जीएसटी. ब्रिटनच्या आचारसंहितेत तर नोकरी लावून देण्याचे शुल्क उमेदवाराकडून घेण्यासच मनाई आहे. आखातासह १८ देशांत जाणाऱ्या परिचारिकांना २०१५ पासून ‘ई-मायग्रेट’मार्फत मंजुरी घ्यावी लागते. पर्यटक व्हिसावर जा, परवान्याचे नंतर पाहू, असे कुणी म्हणाला तर तिथेच नमस्कार करावा.

घर गहाण ठेवून गेलेली आणि परवान्यावाचून अडकलेली सिस्टर परत यायलाही धजावत नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवावा. आधी नियामक संस्थेचे नियम तिच्याच संकेतस्थळावर वाचावेत. मग भाषेची परीक्षा, मग कागदपत्रांची पडताळणी आणि इथे देता येणारी परीक्षा. व्हिसा आणि विमानाचे तिकीट त्यानंतर. पेढे वाटायचेच असतील, तर नोंदवहीत नाव चढल्यावर वाटावेत.