मोटारींचे दुकान आणि त्याची वेबसाइट : घरची की भाड्याची?

दुकान स्वतःच्या जागेत असावे की भाड्याच्या, हा वाद आपल्या पेठांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. भाड्याच्या गाळ्यात पन्नास वर्षे सुखाने धंदा केलेले दुकानदार आपण पाहिले आहेत आणि स्वतःची इमारत बांधता बांधता भांडवल आटवून बसलेलेही पाहिले आहेत. आता याच वादाला एक नवे रूप आले आहे. गिऱ्हाइकाला दुकानाच्या आधी दुकानाची वेबसाइट दिसते. ती आपण स्वतः उभारावी, की अशा वेबसाइटी तयार करून महिन्याच्या भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून घ्यावी? हा प्रश्न आम्ही येथे मोटारविक्रीच्या धंद्यापुरता घेणार आहोत, आणि तोही मुख्यतः अमेरिकेतला. गावची गोष्ट सोडून इतक्या दूर कशाला, असे कुणी विचारील. कारण इतकेच, की अशा कंपन्यांचा व्यवहार तेथे जुना व मोठा आहे, आणि त्यातील सोय व गैरसोय दोन्ही तेथे उघड्यावर आल्या आहेत.

प्रथम हे पाहू, की मोटारींच्या दुकानाची वेबसाइट इतर दुकानांहून वेगळी का. साबणाच्या दुकानात एका वडीसारखी दुसरी वडी असते; एक चित्र, एक किंमत, काम झाले. जुन्या मोटारींचे तसे नाही. एकाच कारखान्याच्या, एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या घेतल्या तरी एक चाळीस हजार मैल धावलेली असते, दुसरी नव्वद हजार. एकीचा दरवाजा ठोकून सरळ केलेला असतो. प्रत्येक गाडी ही एकुलती एक वस्तू. ती आली की तिचे पान उघडायचे, किंमत उतरली की त्याच दिवशी बदलायची आणि विकली की पान मिटवायचे. विकलेली गाडी वेबसाइटवर आठवडाभर राहिली, तर ती पाहून साठ मैल गाडी हाकत आलेले गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानाचे नाव काढीत नाही. तेव्हा ही वेबसाइट म्हणजे भिंतीवरची जाहिरात नव्हे. ती दुकानाची स्टॉकवहीच आहे; फक्त ती रस्त्याकडे तोंड करून उघडी ठेवलेली आहे.

या वहीचा कणा म्हणजे गाडीचा ओळखक्रमांक. अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलांपासून हा क्रमांक सतरा स्थानांचा ठरला. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे घेत नाहीत, कारण ती एक आणि शून्य या आकड्यांशी गफलत करवितात. नववे स्थान पडताळ्याचे असते. उरलेल्या सोळा अक्षरांवरून ठराविक गुणाकार-बेरीज करून ते निघते, म्हणून लिहिताना एखादे अक्षर चुकले तर बहुधा तेथेच पकडले जाते. दहाव्या स्थानावरून मॉडेलचे वर्ष कळते. तेथील सरकारच्या महामार्ग सुरक्षा खात्याने हा क्रमांक उलगडून देण्याची सोय विनामूल्य ठेवली आहे : क्रमांक द्या, कारखाना, मॉडेल, इंजिन यांची माहिती घ्या. (आपल्या अलीकडच्या गाड्यांच्या नोंदणीपत्रावरचा चेसिस क्रमांकही सतरा अक्षरीच असतो, घरी गेल्यावर मोजून पाहावा.) सांगायचे एवढेच, की स्वतः वेबसाइट उभारू पाहणाऱ्याला वाटते तितके रान मोकळे नाही, पण अगदी काटेरीही नाही.

आता समजा, ओहायो राज्यातल्या एका लहान गावी जुन्या गाड्यांचा एक विक्रेता आहे. आवारात साठ गाड्या. महिन्याला तीस विकल्या जातात आणि तितक्याच नव्याने येतात. प्रत्येक गाडीची पंचवीस छायाचित्रे धरली तर महिन्याला साडेसातशे छायाचित्रे झाली. गाडी धुऊन उन्हात उभी करणे, छायाचित्रे काढणे, वर्णन लिहिणे, किंमत ठरविणे यांस गाडीमागे तास-दीड तास कुठेच गेला नाही. त्याचा भाचा गणकयंत्रात हुशार आहे. तो म्हणतो, "मामा, वेबसाइट मी दोन महिन्यांत करून देतो." आणि देतोही! आजकाल वर्डप्रेससारखी साधने फुकट मिळतात, तेव्हा त्यात अशक्य काहीच नाही. परंतु अडचण तिसऱ्या महिन्यापासून सुरू होते. वर्डप्रेसची नवी आवृत्ती येते व जोडलेला एखादा भाग बंद पडतो. गाड्यांच्या जाहिरातींच्या मोठ्या स्थळांना रोज रात्री यादी पाठवायची असते, ती एके रात्री जात नाही. आणि भाच्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागलेली असते. घरची वेबसाइट बांधण्याचा खर्च सर्वजण मोजतात, राखण्याचा कोणी मोजत नाही.

भाड्याने देणाऱ्या कंपनीचे बळ नेमके येथे आहे. रात्रीची यादी जाते की नाही हे पाहायला तिच्याकडे माणसे असतात. भाडे महिन्याला काही शे डॉलरांपासून काही हजार डॉलरांपर्यंत जाते. नव्या गाड्या विकणाऱ्यांना तर पुष्कळदा निवडीला वावच थोडा असतो. कित्येक कारखानदार आपल्या मान्यताप्राप्त कंपन्यांची यादी पुढे करतात आणि त्यांतूनच एक घ्या म्हणतात. गंमत अशी, की अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत कारखानदाराने नवी गाडी थेट गिऱ्हाइकाला विकण्यावर कायद्याची बंधने आहेत, म्हणजे विक्रेता हा कायद्याने स्वतंत्र धंदेवाला. पण त्याच्या दुकानाची पाटी कोणी रंगवायची, हे मात्र पुष्कळदा दुसराच ठरवितो.

भाडेकरूपणाची खरी कसोटी जागा सोडताना लागते. आपल्याकडे पागडीच्या भाडेकरूला १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने संरक्षण दिले, आणि आज १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा देतो. वेबसाइटीच्या भाडेकरूला असे छत्र नाही. करारात जे लिहिले तेवढेच त्याचे. वेबसाइटचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, त्याची नोंदणी कुणाच्या नावे आहे? साधे नाव वर्षाला एक-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळते. पण ते कंपनीने स्वतःच्या नावे घेतले असेल, तर कंपनी सोडताना पंधरा वर्षांची पाटी तिच्या हाती राहते. दुसरी गोष्ट फोनची. कोणत्या जाहिरातीवरून किती फोन आले हे मोजण्यासाठी पुष्कळ कंपन्या पानावर दुकानाचा नंबर न देता आपला नंबर देतात आणि तेथून फोन दुकानाकडे वळवितात. मोजणी उत्तम होते. पण गिऱ्हाइकाने वहीत लिहून ठेवलेला नंबर दुकानाचा नसतो, आणि भाडे थांबले की तो वाजतो भलतीकडेच. आम्हांला हा प्रकार भाड्याच्या रकमेहून जास्त महाग वाटतो.

पराधीनतेचे याहून मोठे दर्शन २०२४ साली घडले. सी.डी.के. ग्लोबल ही कंपनी उत्तर अमेरिकेतल्या सुमारे १५,००० विक्रेत्यांना दुकानाची संपूर्ण यंत्रणा पुरविते : स्टॉक, विक्री, गॅरेज, सुटे भाग, हिशेब, सारे एकत्र. १९ जून २०२४ रोजी तिच्यावर खंडणीखोरांचा संगणकी हल्ला झाला आणि तिला आपली यंत्रणा बंद करावी लागली. सावरण्याचा प्रयत्न चालू असतानाच दुसरा हल्ला झाला. सुमारे दोन आठवडे विक्रेत्यांनी कागद-पेन्सिलीवर करार लिहिले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बहुतेकांची यंत्रणा पूर्ववत झाली. विक्रेत्यांचे नुकसान एक अब्ज डॉलरांहून अधिक झाले, असा अंदाज अँडरसन इकॉनॉमिक ग्रुपने केला. बंद पडली ती वेबसाइट नव्हे, तिच्या मागची वही, हे लक्षात घ्यावे. ज्याच्या कपाटात आदल्या दिवशीच्या यादीची प्रत होती, त्याला निदान आवारात काय उभे आहे हे सांगता येत होते.

मग सगळे घरीच करावे काय? तसेही नाही; आणि येथे आम्ही भाच्याच्या विरुद्ध साक्ष देतो. गाडीच्या कर्जाचा अर्ज वेबसाइटवर घ्यायचा, म्हणजे गिऱ्हाइकाचे उत्पन्न, जन्मतारीख व सरकारी क्रमांक आपल्या कोठारात ठेवणे आले. कर्ज जुळवून देणाऱ्या विक्रेत्याला अमेरिकेचा कायदा वित्तसंस्थाच मानतो, आणि जून २०२३ पासून त्याच्यावर अशी माहिती कुलूपबंद लिपीत ठेवण्याचे, दुहेरी ओळख पटविण्याचे, जबाबदार माणूस नेमण्याचे बंधन आहे. फार थोड्या गिऱ्हाइकांची माहिती ठेवणाऱ्यांना काही कलमांतून सूट आहे, इतकेच. हे काम सुटीच्या दिवशी करण्याचे नव्हे. लहान विक्रेत्याने असा अर्ज आपल्या पानावर घेऊच नये. गिऱ्हाइकाला सरळ बँकेच्या पानावर पाठवावे.

आमचे मत विचाराल तर, भिंती भाड्याच्या असाव्यात, पण तीन गोष्टी घरच्या असाव्यात : डोमेन, फोन नंबर आणि स्टॉकवही. पाच-पंचवीस गाड्यांच्या विक्रेत्याला साधी घरची वेबसाइट पुरते, मात्र ती राखणारा माणूस पगारी हवा, नात्यातला नको.

आपल्या इकडे या वहीला आता आणखी एक कारण जोडले गेले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावे लागते आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची खबर त्या कार्यालयात जावी लागते. कोणती गाडी कोणत्या तारखेला आवारात आली, याचे उत्तर त्यालाच द्यायचे आहे, वेबसाइटवाल्या कंपनीला नव्हे. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी विक्रेत्याने कंपनीला एक साधी विनंती करून पाहावी : नमुन्यादाखल दहा गाड्यांची नोंद करावी, आणि दुसऱ्या दिवशी ती यादी छायाचित्रांसकट परत मागावी. यादी दुपारपर्यंत हाती आली तर पुढचे बोलणे करावे. "तशी पद्धत नाही" असे उत्तर आले, तर चहा पिऊन उठावे.