स्विचचं पोर्ट ‘फिक्स’ करण्याआधी

ऑफिसातला एखादा संगणक सर्व्हरवरून फाइल उतरवताना रखडू लागला, की नेटवर्कचं काम पाहणाऱ्यांकडून हमखास एक सल्ला येतो: ‘ऑटोवर ठेवू नका. शंभर-फुल फिक्स करा, कटकट मिटेल.’ सल्ला देणारा अनुभवी असतो, हेतूही चांगला असतो. तरीही तांब्याच्या केबलवर चालणाऱ्या नेटवर्कमधले सगळ्यात चिवट बिघाड याच सल्ल्यातून जन्माला येतात.

‘शंभर-फुल’ म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचा वेग आणि फुल डुप्लेक्स, म्हणजेच दोन्ही टोकांना एकाच वेळी पाठवण्याची मुभा. हाफ डुप्लेक्समध्ये एक टोक पाठवत असताना दुसऱ्याने थांबायचं असतं. वेग कोणता आणि डुप्लेक्स कोणता, हे दोन्ही टोकांनी आपापसात ठरवावं यासाठी ऑटोनिगोशिएशनची व्यवस्था १९९५ साली फास्ट इथरनेटच्या ८०२.३यू या मानकातून आली. केबल जोडली की दोन्ही टोकं साधारण दर १६ मिलिसेकंदांनी स्पंदनांचा एक झुबका पाठवतात. त्यात १६ बिटांचा संदेश असतो: मला १० जमतं, १०० जमतं, हाफ जमतं, फुल जमतं. दोन्ही याद्या समोर आल्या की मानकाने ठरवून दिलेल्या क्रमातला, दोघांनाही जमणारा सर्वांत वरचा पर्याय निवडला जातो.

आता यातलं एकच टोक फिक्स केलं तर काय होतं ते पाहा. संगणकाच्या कार्डावर शंभर-फुल, स्विचचं पोर्ट मात्र ऑटोवर. फिक्स केल्यावर बरीच कार्डं ते झुबके पाठवणंच बंद करतात. स्विचला समोरून यादी मिळत नाही. १०० मेगाबिटचा सिग्नल नुसत्या स्वरूपावरून ओळखता येतो, त्यामुळे वेग बरोबर धरला जातो. डुप्लेक्स मात्र सिग्नलवरून कळायला मार्ग नाही. अशा वेळी मानकाची आज्ञा स्पष्ट आहे: हाफ धरा. कारण झुबके न पाठवणारं यंत्र एखादा जुना हब असू शकतो आणि हबला हाफच चालतं. म्हणजे एका टोकाने हट्टाने फुल घेतलं की समोरचं टोक नियमाने हाफवर जातं.

या विसंगतीची खरी अडचण अशी की सगळं ठीक दिसतं. लिंकचा दिवा लागतो आणि पिंगला उत्तर येतं. पिंगमध्ये एक लहान पॅकेट जातं, मग एक परत येतं. दोघांनी एकाच वेळी पाठवायची पाळी सहसा येत नाही. मोठी फाइल सुरू झाली की एकीकडून डेटा आणि दुसरीकडून पोचपावत्या एकाच वेळी धावू लागतात. संगणक फुलमध्ये असल्याने समोरचा पाठवतोय की नाही हे बघतच नाही. स्विच हाफमध्ये असल्याने त्याला ही टक्कर वाटते. तो आपली फ्रेम अर्ध्यात सोडतो, आलेलीही टाकून देतो आणि मागे सरतो. संगणकाला टक्कर झाल्याचं कळतच नाही, म्हणून हरवलेली फ्रेम तो लगेच पुन्हा पाठवत नाही. ते नुकसान वरच्या थरातल्या टीसीपीला उशिरा उमगतं आणि तो दर वेळी आपला वेग कमी करतो. १०० मेगाबिटची लिंक मग दहालाही महाग होते.

हा सल्ला मुळात आला कुठून, याला उत्तर आहे. सुरुवातीच्या वर्षांत मानकातल्या काही जागा संदिग्ध होत्या, वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं आणि स्विच त्यांचा वेगवेगळा अर्थ लावत आणि वाटाघाटी फसत. तेव्हा दोन्ही टोकं हाताने फिक्स करणं शहाणपणाचंच होतं. १९९८च्या सुधारित मानकात त्या जागा साफ झाल्या. सवय मात्र टिकली आणि ‘दोन्ही टोकं’ हे शब्द तेवढे वाटेत गळून पडले.

गिगाबिटच्या बाबतीत तर ऑटो ही सोय नसून गरज आहे. १९९९च्या १०००बेस-टी मानकात केबलमधल्या तारांच्या चारही जोड्यांवरून दोन्ही दिशांना एकाच वेळी सिग्नल जातात आणि त्यासाठी एका टोकाने घड्याळाचा ठोका द्यावा लागतो, दुसऱ्याने तो धरावा लागतो. कोणी द्यायचा हे वाटाघाटीतच ठरतं. म्हणून तांब्याच्या केबलवर ‘१००० फुल’ फिक्स केल्याचं समाधान बहुतेक उपकरणांत नावापुरतं असतं. आत वाटाघाटी चालूच राहतात, यादीत फक्त १००० उरतं. खरं तर वेगावर बंधन घालण्याची योग्य रीत हीच आहे: ऑटो चालू ठेवा आणि यादी आखूड करा.

याच्या अगदी उलट्या टोकाचा गैरसमज म्हणजे ऑटो असलं की स्विच केबल तपासून तिला पेलेल तोच वेग निवडतो. तसं नाही. वाटाघाटी फक्त दोन जोड्यांवरून होतात. उरलेल्या दोनपैकी एखादी क्रिम्पिंगमध्ये नीट बसली नसेल, तरी दोन्ही टोकं खुशाल गिगाबिट ठरवतात आणि मग लिंक उभीच राहत नाही. काही कार्डं अशा वेळी चार-दोन प्रयत्नांनंतर आपणहून १००वर उतरतात, पण ती त्या-त्या कंपनीने दिलेली सोय आहे. गिगाबिटची उपकरणं असूनही लिंक १००वर दिसत असेल, तर सेटिंगला हात लावण्याआधी केबल बदलून पाहा.

‘एक जुना १०० मेगाबिटचा संगणक लावला की अख्खा स्विच १००वर येतो’ हे वाक्यही ठिकठिकाणी ऐकू येतं. हबच्या काळात त्यात तथ्य होतं, कारण हबवर सगळे एकाच तारेचे वाटेकरी असत. ती अडचण १९९०मध्ये अमेरिकेतल्या ‘कल्पना’ नावाच्या कंपनीने बाजारात आणलेल्या इथरस्विचने सोडवली. विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या उद्योजकाने स्थापन केलेली ही कंपनी पुढे १९९४ साली सिस्कोने घेतली. स्विचमध्ये प्रत्येक पोर्टची बोलणी स्वतंत्र. एकावर १००, शेजारी १०००. आलेली फ्रेम स्विच आपल्या बफरमध्ये पूर्ण घेतो आणि समोरच्या पोर्टच्या वेगाने पुढे सोडतो.

पण याच वाक्याला एक खरी बाजू आहे आणि ती फ्लो कंट्रोलमधून येते. इथे थोडं थांबायला हवं, कारण ‘फ्लो कंट्रोल चालू केलं की पॅकेट ड्रॉप बंद’ ही समजूत फार पसरलेली आहे.

१९९७च्या ८०२.३एक्स मानकाने पॉज फ्रेम आणली. स्विचचा बफर भरत आला की तो समोरच्याला सांगतो: इतका वेळ थांब. हा वेळ ५१२ बिटांच्या एककात मोजतात. जास्तीत जास्त ६५,५३५ एककं, म्हणजे गिगाबिट लिंकवर सुमारे ३३.५ मिलिसेकंद. शून्य पाठवलं की थांबलेला लगेच सुरू करू शकतो. ही सोय फक्त फुल डुप्लेक्समध्ये चालते आणि ती वापरायची का, हेही त्याच ऑटोच्या वाटाघाटीत ठरतं.

पॉज फ्रेम केबलच्या पलीकडच्या टोकाच्या पुढे जात नाही. कोणताही स्विच ती पुढे पाठवत नाही. तिच्यात कोणाचा डेटा थांबवायचा याचाही उल्लेख नसतो. त्या तारेवरचं सगळंच थांबतं. समजा, गिगाबिटवरचा फाइल सर्व्हर १००वरच्या जुन्या संगणकाला मोठी फाइल देतोय. सेकंदाला हजार येतात, शंभर बाहेर जातात, बफर भरतो. स्विच सर्व्हरला पॉज देतो. त्याच क्षणी त्याच सर्व्हरकडून फाइल घेणारे गिगाबिटवरचे बाकी सगळेही खोळंबतात. पेट्रोल पंपाची रांग हमरस्त्यावर आली की पंपाशी काही देणंघेणं नसलेल्या गाड्या अडकतात, तसंच हे.

फ्लो कंट्रोल बंद असतं तर स्विचने जुन्या संगणकाच्या वाटच्या काही फ्रेम टाकल्या असत्या. टीसीपीने त्या ड्रॉपवरून अंदाज घेऊन फक्त तेवढ्याच संवादाचा वेग १००वर आणला असता, बाकीच्यांना झळ लागली नसती. म्हणून प्रत्येक ड्रॉप हा बिघाड नसतो. डेटाची टोकं एकमेकांशी जुळवून घेतात ते अनेकदा ड्रॉप पाहूनच. याहून वाईट प्रसंगही घडतो: संगणक गोठतो, त्याचं कार्ड मात्र जिवंत राहतं, आलेल्या फ्रेम उचलायला कोणी नसल्याने ते सतत पॉज पाठवत राहतं आणि एका मेलेल्या यंत्रापायी इतरांचीही वाहतूक मंदावू शकते.

डेटा सेंटरमध्ये जिथे ड्रॉप अजिबात परवडत नाही, तिथे सगळी तार थांबवण्याऐवजी आठ प्राधान्य-वर्गांपैकी हवा तेवढाच वर्ग थांबवणारी ८०२.१क्यूबीबीची पद्धत वापरतात. साध्या ऑफिसात मात्र फाइल सर्व्हरच्या पोर्टवर फ्लो कंट्रोल बंद ठेवावं, असं माझं मत आहे.

अंदाजाने सेटिंग बदलण्याऐवजी पोर्टचे आकडे वाचावेत, हा माझा आग्रह आहे. मॅनेज्ड स्विचवर ते उघड दिसतात. हाफ असलेल्या टोकावर लेट कोलिजन म्हणजे फ्रेमचे पहिले ६४ बाइट गेल्यानंतरची टक्कर आणि फुल असलेल्या टोकावर सीआरसी एरर म्हणजे तपासणीत सदोष ठरलेल्या फ्रेम, ही जोडी एकत्र वाढताना दिसली तर डुप्लेक्सची विसंगती जवळजवळ नक्की समजा. नुसते सीआरसी एरर दोन्हीकडे फुल असताना वाढत असतील तर संशय केबलवर. पॉजचा आकडा वाढतोय आणि ड्रॉप शून्य आहेत, तर कोण कोणाला थांबवतंय ते शोधा.

काही ठिकाणी सेवा पुरवठादाराचं उपकरण फिक्सच असतं आणि ते बदलण्याचा अधिकार आपल्याकडे नसतो. तिथे आपलं टोकही नेमकं तसंच फिक्स करावं लागतं. तसं केलंत तर पोर्टजवळ लेबल चिकटवा आणि त्यावर वेग आणि डुप्लेक्स लिहा. चार वर्षांनी ते उपकरण बदललं जाईल, नवं कारखान्यातून ऑटोवरच येईल, आणि तेव्हा तिथे काम करणारा माणूस वेगळा असेल.