मामांना चुकवणारं यंत्र

"मामा, मामांना चुकवणारं एखादं यंत्र सुचव ना."

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन. यातला पहिला मामा मी, आणि दुसरे रस्त्यावर शिट्टी घेऊन उभे असतात ते. पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेवर त्याला दोन हजारांचं चलन आलं होतं, तेही मेसेजमधून, फोटोसकट. आता त्याला गाडीत असं काहीतरी हवं होतं की जे डॅशबोर्डवर मिरवणार नाही, काचेतून बाहेरच्याला दिसणार नाही, पण पुढे वेग मोजणारा कॅमेरा आला की कानात हळूच सांगेल. "बजेटचा प्रश्न नाही," असंही म्हणाला. मी म्हटलं, आठ दिवस दे. त्या आठ दिवसांत यंत्र बाजूलाच राहिलं आणि मी भलत्याच गोष्टींत अडकलो.

सुरुवात एका आवाजापासून करावी लागेल. कामशेत किंवा मळवलीच्या फलाटावर उभं राहून न थांबणाऱ्या एक्स्प्रेसचा भोंगा ऐका. गाडी येत असते तोवर सूर चढा असतो आणि समोरून गेली की तोच सूर झपकन उतरतो. मोटरमनने भोंगा बदललेला नसतो. येताना ध्वनीच्या लहरी दाटीवाटीने कानावर येतात, जाताना विरळ होत जातात. ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन प्राध्यापकाने १८४२ साली प्रागमध्ये हे तत्त्व मांडलं, तेही आगगाडीसाठी नव्हे, जोडताऱ्यांच्या रंगांसाठी. तीन वर्षांनी हॉलंडात बाइस बॅलट नावाच्या शास्त्रज्ञाने ते पडताळून पाहिलं. त्याने कर्णे वाजवणारे वादक इंजिनामागच्या डब्यात बसवले, सुरांचा कान असलेली माणसं रुळाकडेला उभी केली आणि सूर किती चढला-उतरला ते त्यांना टिपायला लावलं. विज्ञानातले इतके खुशालचेंडू प्रयोग कमीच.

रडार गन नेमकं हेच करते, फक्त भोंग्याच्या जागी रेडिओलहर असते. अनेक रडार गन सेकंदाला सुमारे २४ अब्ज कंपनांची लहर सोडतात. तिची लांबी जेमतेम सव्वा सेंटिमीटर. (मिलिमीटरांत मोजाव्या लागणाऱ्या अशा लहरींशी जगदीशचंद्र बोस १८९५ च्या सुमारास कोलकात्यात खेळत होते, आणि तेव्हा रस्त्यावर मोटार जवळपास नव्हतीच.) ही लहर गाडीवर आपटून परतते. गाडी ताशी १०० च्या वेगाने समोर येत असेल तर परतलेल्या लहरीत सेकंदाला सुमारे साडेचार हजार कंपनं जास्त निघतात. २४ अब्जांत साडेचार हजार! तांदळाच्या पोत्यातला एक दाणा हलला आणि तो कळला, असा प्रकार. यंत्र मूळ लहर आणि परतलेली लहर एकमेकींवर ठेवतं आणि फरक तेवढा उचलतं. गंमत अशी की साडेचार हजार कंपनं माणसाच्या कानाला ऐकू येतात. स्पीकर जोडला तर तुमच्या गाडीचा वेग पियानोच्या सगळ्यात उजवीकडच्या पट्टीपेक्षाही किंचित वरच्या सुरात वाजेल. घाटातल्या ६० ला तोच सूर २,७०० पर्यंत खाली येतो. जुन्या काही यंत्रांना असा स्पीकर असायचा आणि मुरलेल्या पोलिसाला आकडा न बघता, नुसत्या शिटीवरून वेग कळायचा.

आता भाच्याचं यंत्र. परदेशात 'रडार डिटेक्टर' म्हणून जे विकतात, तो मुळात एक रेडिओच असतो. फक्त गाण्यांऐवजी गनच्या लहरींवर कान लावून बसलेला. गनला तुमचा वेग कळायच्या आधी त्याला गन कळते, आणि यात जादू काही नाही. अंधारात शेताच्या बांधावरून कुणी बॅटरी घेऊन येतोय असं समजा. त्याच्या उजेडात तुम्ही त्याला दिसायच्या कितीतरी आधी त्याची बॅटरी तुम्हाला दिसते, कारण उजेडाला तुमच्यापर्यंत एकच खेप करायची असते आणि त्याला दिसायचं तर तुमच्यावरून उडून परत जायचं असतं. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा तो पसरत जातो. अंतर दुप्पट झालं की जाणारी लहर एक चतुर्थांश उरते, परतणारी मात्र सोळावा हिस्सा.

मग पोलीस काय करतात? असल्या रेडिओत लहर पकडायला स्वतःची एक छोटी लहर आतल्या आत तयार करावी लागते. एडविन आर्मस्ट्राँगने १९१८ मध्ये काढलेली ही युक्ती आजही बहुतेक रेडिओंत आहे. ती आतली लहर थोडीशी बाहेर झिरपते. जिथे डिटेक्टरवर बंदी आहे तिथे ही झिरप ऐकणारी यंत्रं पोलिसांकडे निघाली. ऐकणाऱ्याला ऐकणारं यंत्र, म्हणजे चोरावर मोर. पुढे ती झिरपही दाबणारे डिटेक्टर आले. ही शर्यत रस्त्यावरच्या शर्यतीपेक्षा मला जास्त रंगतदार वाटली.

पण पुण्याच्या रस्त्यावर हा महागडा रेडिओ आणून करायचं काय? आजूबाजूच्या नव्या गाड्यांमधली बाजूचं वाहन टिपणारी रडारं आणि मॉलचे आपोआप उघडणारे दरवाजे यांतली कितीतरी याच पट्ट्यात बोलतात. विद्यापीठ चौक ते वाकड एवढ्यात यंत्र इतक्या वेळा केकाटेल की तिसऱ्या दिवशी भाचा ते हातमोज्यांच्या कप्प्यात टाकेल. शिवाय महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीत लेझर गन असते. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठोके मारते आणि ठोका परत यायला किती वेळ लागला ते मोजते. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटिमीटर जातो. अंतर कसं घटतंय हे एवढ्या बारीक घड्याळाने पाहिलं की वेग निघतो. ही शलाका तीनशे मीटरवरही साधारण एका गाडीच्या रुंदीत मावते. तुमच्या यंत्राने ती ओळखली, याचा अर्थ ती तुमच्यावर पडलेली आहे. तेव्हा वाजलेली घंटा फार तर सांत्वनाची. (लहरी बिघडवून टाकणारे जॅमरही मिळतात, पण तो सरळसरळ वेगळा गुन्हा आहे आणि भाच्याला मी त्याचं नावसुद्धा काढू दिलं नाही.)

उरतो तिसरा प्रकार: काहीच न ऐकणारा, नुसता आठवणारा. कुठल्या अक्षांश-रेखांशावर कॅमेरा आहे याची यादी आणि गाडी आत्ता कुठे आहे याचं भान, एवढ्यावर त्याचं काम चालतं. गूगल मॅप्स हे करतं, आपल्याकडचं मॅपल्सही करतं. खिशातल्या फोनपेक्षा न दिसणारं यंत्र दुसरं कुठलं असणार? इथे मी पुन्हा थबकलो. फोनला आपला वेग कळतो तो कसा? वीस हजार किलोमीटरवरून, सेकंदाला जवळजवळ चार किलोमीटर पळणाऱ्या उपग्रहांकडून येणाऱ्या लहरी किती दाटल्या, किती विरळल्या यावरून. पुन्हा डॉप्लरच! मामांची गन आणि मामांना चुकवणारा फोन, दोघांचा गुरू एक.

फोनच्याही मर्यादा आहेत. नवले पुलाजवळ महामार्ग आणि सेवा रस्ता एकमेकांना इतके खेटून जातात की आपण कुठल्यावर आहोत याचा फोनला घोळ होऊ शकतो. भाताण, माडप, कामशेतच्या बोगद्यांत उपग्रह दिसेनासे होतात, आणि बाहेर येईपर्यंत अंदाजपंचे चालावं लागतं. म्हणून निवडताना चमकदार पडद्यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात: यादी किती वरचेवर ताजी होते, इशारा आवाजात मिळतो का, आणि उलट दिशेच्या कॅमेऱ्यावरही ते ओरडतं का. बाकी रंगरूप सोडून द्यावं.

इशाऱ्याची हौस मात्र मोटारीइतकीच जुनी आहे. १९०५ मध्ये ब्रिटनमध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली ती याच कामासाठी. झुडपामागे स्टॉपवॉच घेऊन बसलेल्या पोलिसांची खबर तिची सायकलवरची माणसं मोटारवाल्यांना द्यायची. १९१० मध्ये कोर्टाने ठरवलं की अशी खबर देणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा. तेव्हा संघटनेने शक्कल लढवली: आमचा माणूस एरवी सभासदाला सलाम ठोकेल, पण सलाम न ठोकल्यास गाडी थांबवून कारण विचारावं. न केलेल्या सलामाबद्दल खटला कोण भरणार? आपल्याकडे समोरून येणारा अनोळखी ट्रकवाला दोनदा डिपर मारतो, ती याच घराण्यातली विद्या. दुसऱ्या बाजूला मॉरिस गॅट्सोनाइड्स हा डच शर्यतपटू. १९५३ ची मोंटे कार्लो रॅली जिंकणाऱ्या या माणसाने वळणावर आपला वेग किती राहतो हे पाहायला एक यंत्र बनवलं, आणि त्यातूनच युरोपभर पसरलेला 'गॅट्सो' कॅमेरा निघाला. पळणाऱ्यानेच पकडणाऱ्याला हत्यार दिलं.

आता भाच्याला चलन कुठे आलं ते बघा. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या एक्स्प्रेस वेवर २०२४ पासून नवी वाहतूक-नियंत्रण व्यवस्था चालू आहे. रस्त्यावर आडव्या लोखंडी कमानी आणि त्यांवर कॅमेरे. काही ठिकाणी त्या जागचा वेग पकडतात, आणि दोन कमानींमधला सरासरी वेगही काढतात. दुसऱ्या प्रकारात ना रडार, ना लेझर. एका कमानीखाली नंबर प्लेट वाचली, वेळ टिपली. पुढच्या कमानीखाली पुन्हा वाचली. मधलं अंतर भागिले वेळ. चौथीतलं गणित! दहा किलोमीटर पाच मिनिटांत कापले तर वेग ताशी १२०, मग तुम्ही दोन्ही कमानींखालून गोगलगायीसारखे का गेला असेनात. जगातला सगळ्यात महाग डिटेक्टर इथे ठार बहिरा, कारण ऐकण्यासारखं काही नाहीच. आणि फोनने "पुढे कॅमेरा" सांगितल्यावर मारलेला ब्रेक निरुपयोगी, कारण गुन्हा कॅमेऱ्यापाशी घडलेलाच नसतो. तो मागे दहा किलोमीटरभर सांडलेला असतो. एकच पळवाट: दोन कमानींच्या मध्ये फूड मॉल लागला तर तिथे उतरून निवांत वडापाव खायचा. तोही बिलात धरावा लागेल.

वेग असे दोन असतात, या क्षणाचा आणि एकूण प्रवासाचा. हा भेद महाराष्ट्राला तसा नवा नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणीत ग्रहांच्या बाबतीत तो नीट मांडला आहे. दिवसभराची ती स्थूल गती आणि त्या क्षणाची ती 'तात्कालिकी'. चंद्र भराभर चाल बदलतो, म्हणून त्याच्यासाठी तात्कालिकीच घ्या, असं त्यांचं सांगणं. त्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालत राहावा म्हणून नातू चांगदेवाने (संत चांगदेव वेगळे) मठ काढला, त्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. रडार गन तात्कालिकी मोजते, कमानी स्थूल मोजतात. आणि सरासरी १२० आली, तर मधल्या कुठल्या तरी क्षणी गाडी नेमकी १२० वर होतीच, हे गणिताने सिद्ध होतं. तो क्षण कुठला हे कुणी पाहिलेलं नसलं तरी.

भाच्याला मी दोन गोष्टी आणखी सांगितल्या, ज्या त्याला आवडल्या नाहीत. एक, केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेल्या १६७-अ नुसार असे कॅमेरे असलेल्या पट्ट्याआधी ठळक फलक लावणं बंधनकारक आहे. म्हणजे इशारा देणारं यंत्र सरकारनेच रस्त्याकडेला उभं करायचं आहे. दोन, १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या प्रत्येक कारमध्ये वेगाचा भोंगा आहेच. ८० च्या वर अधूनमधून, १२० च्या वर सलग वाजणारा. मात्र घाटात ६० ची मर्यादा असताना ७५ ला तो गप्पच बसतो. भोंगा घाट ओळखत नाही.

"मग घेऊ काय?" त्याने विचारलं.

"फोनचा होल्डर. चारशेचा."

तो जरा रुसला, म्हणून फेब्रुवारीअखेरीस विज्ञान दिनाला त्याला खोडदला घेऊन गेलो. नारायणगावच्या पुढे, गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ती रेडिओ दुर्बीण: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. दूरच्या दीर्घिकांतल्या हायड्रोजनची लहर किती विरळली, यावरून त्या दीर्घिका किती वेगाने दूर चालल्यात ते इथे कळतं. रडार गनचंच तत्त्व, फक्त चलन फाडायचं नसतं. तबकडीखाली उभा राहून भाचा बराच वेळ वर बघत होता.

जाताना चाकणच्या चौकात नेहमीसारखे अडकलो होतो. होल्डरमधला फोन सगळा वेळ गप्प होता. पुणे ते नारायणगाव पंचाहत्तर किलोमीटर, दोन तास पंचवीस मिनिटं. भाच्यानेच भागाकार केला: ताशी एकतीस.