आडवाटांवर गाडी – लेखांक 6 : एकदम काय काय बंद पडेल?

स्पिती किंवा लडाखला गाडी न्यायची ठरली की पहिला प्रश्न येतो तो ‘कोणतं ॲप चांगलं?’ हा. माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा : आपल्याजवळची कोणकोणती साधनं एकाच कारणाने एकदम बंद पडतील? दोन फोनांवर तेच ॲप, दोन्ही एकाच चार्जिंग सॉकेटवर आणि दोन्हींतला नकाशा नेटवर्क असेल तरच उघडणारा, तर गाडीत साधन एकच आहे. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम चालत नाही. तेव्हा पुण्याहून गेलेल्या गाडीतले चारही फोन एकाच वेळी मुके होऊ शकतात.

मात्र नेटवर्क गेलं म्हणजे जीपीएस गेलं, ही समजूत चुकीची आहे. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांपैकी किमान चारांचे संकेत मिळाले की फोनला आपली जागा कळते. टॉवर लागत नाही. हरवतो तो नकाशा. शिवाय उपग्रहांची ताजी माहिती एरवी फोन इंटरनेटवरून झटकन घेतो. ती वाट बंद झाली की उपग्रहाकडूनच घ्यावी लागते, आणि जीपीएसचा संपूर्ण संदेश उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. त्यात अरुंद दरीत आकाशाची नुसती पट्टी दिसत असेल, तर ठिपका उमटायला आणखी उशीर. म्हणून नकाशे मुक्कामाच्या वायफायवर उतरवून घ्यावेत आणि लोकेशन नेटवर्क असतानाच सुरू करावं.

माझी निवड साधी आहे. समोर ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ऑफलाइन ॲप असलेला फोन. पिशवीत एखादा जुना फोन, त्यात दुसऱ्या कंपनीचा उतरवलेला नकाशा आणि त्याची स्वतंत्र पॉवर बँक. काचेमागच्या उन्हात तापून पहिला बंद पडला, तरी दुसरा थंड असतो. आणि तिसरा, कागद. भारतीय सर्वेक्षण विभागाची 1:50,000 प्रमाणाची टोपोशीट मिळेल तिथली घ्यावी. कागद जुना असतो, त्यावर नवे रस्ते नसतात, हा आक्षेप खरा आहे. पण समोच्च रेषांनी दाखवलेली दरी, धार आणि नाला जागच्या जागी असतात, आणि गाडीचा ट्रिपमीटर चाकावर चालतो, उपग्रहावर नाही. शेवटच्या गावापासूनचे किलोमीटर वहीत मांडत गेलं, तर या दोहोंवरून आपण कुठे आहोत याचा कामापुरता अंदाज येतो. सॅटेलाइट कम्युनिकेटर मात्र परदेशातून मागवून सोबत नेऊ नये. भारतात तो विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे.

‘रस्ता तर एकच, चुकणार कुठे?’ असंही विचारलं जातं. मनाली–लेह मार्गावर वळण चुकण्याची भीती खरोखरच कमी. पण वाट शोधणं म्हणजे फक्त वळण शोधणं नव्हे. याच मार्गावर टांडीच्या पंपावरची, पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याचं सांगणारी पाटी प्रसिद्ध आहे. दुपारी बर्फ वितळून नाल्यांचं पाणी चढतं. सकाळी घोट्याएवढा असलेला प्रवाह चार वाजता गाडी अडवतो. तेव्हा थांबायचं की परतायचं, हे मागचं गाव किती किलोमीटरवर आहे आणि मध्ये आणखी किती नाले आहेत यावर ठरतं. हे दोन आकडे तिथे नाल्याकाठी, बंद फोन हातात असतानाही सांगता यायला हवेत.